उन्हाची बाजू

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. घरात रीतच तशी होती. भासऱ्यांसमोर पदर डोक्यावर, नजर खाली, आणि काही सांगायचं असलं तर सासूबाईंच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडून. सगळ्याच घरांत हे चालायचं, त्याचं मला काही वाटलं नसतं. पण हे गृहस्थ त्या रीतीचा चाबूक करत. मी हातभर अंतरावर बसलेली असायची आणि ते माझ्या डोक्यावरून नवऱ्याला म्हणायचे, "तुह्या चांदूरवालीले सांग, हात धुऊन निगेटिव्हले हात लावत जाय म्हना. भाकरीचं पीठ लागते." हात मी साबणाने धुतलेले असायचे, हे त्यांनी पाहिलेलं असायचं.

माझं माहेर चांदूर बाजारचं, म्हणून त्या घरात मी चांदूरवाली. नावाने हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं.

अमरावतीला अंबागेटाच्या आत आमचा स्टुडिओ होता आणि मागच्या अंगाला घर. सासरे वकील होते. थोरल्याने वकिली सोडून नागपुरात फोटोग्राफी शिकून घेतली, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याबरोबर पंगतीला बसणं सोडलं होतं म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे वारले होते, पण तो अपमान भासऱ्यांच्या अंगात मुरलेला होता. आपल्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्यांना वडीलच बोलल्यासारखं वाटत असावं. हे मला आता कळतं. तेव्हा कळून घ्यायची माझी इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजही फारशी नाही.

स्टुडिओतले त्यांचे फोटो चांगले असत. छपराला उत्तरेकडून काचा होत्या, खाली पांढरे पडदे. दोरी ओढून पडदा मागेपुढे करत ते चेहऱ्यावर असा मऊ उजेड पाडायचे की देवीचे वणसुद्धा झाकले जायचे. पण उघड्यावर गेले की याच माणसाला काही सुचत नसे. बाहेरच्या फोटोचा त्यांचा एकच कायदा होता. ऊन भरपूर पाहिजे आणि ते फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून पाहिजे. म्हणून ते भर दुपारी निघत. तिपाईवरचा मोठा कॅमेरा गाडीत घालून कुठल्याशा शेतात जायचे, माणसं एका ओळीत उभी करायचे आणि ओरडायचे, "हालू नका! डोये उघडे ठेवा!"

त्यांनी आणलेल्या निगेटिव्ह माझ्याकडे रिटचिंगला येत. खिडकीशी एक उतरती फळी, तिच्यात बसवलेली दुधी काच, खाली आरसा. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, आरशावरून येणाऱ्या उजेडात भिंगातून बघायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने नको त्या सावल्या भरायच्या. निगेटिव्हमध्ये सावली पारदर्शक दिसते. तिच्यावर पेन्सिल चालवली की छापताना ती जागा उजळ येते. शेतातल्या फोटोंवर मी दिवसभर डोळ्यांच्या खाचा भरत बसायची. ऊन डोक्यावरून पडलं की भुवईखाली खड्डा, नाकाखाली मिशी. बायांनाही मिशी. एखादी निगेटिव्ह हाती आली की काढणाऱ्याला उचलून त्या उन्हात उभं करावंसं वाटायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा मुंबईचा एक एजंट आमच्याकडे यायला लागला. त्याचा धंदा मला नवलाचा वाटला. तो चित्रं आधी जमवून ठेवायचा, गिऱ्हाईक नंतर शोधायचा. शेत, विहीर, बैल, डोंगर, बाजार, सगळं त्याच्या पेट्यांमध्ये भरलेलं असायचं. मग कॅलेंडर छापणारा येवो, बियाणंवाला येवो की केसांच्या तेलाचा मालक येवो, पेटीतून चित्र काढून दाखवायचं. आता वऱ्हाडही आपल्यातच आलं म्हटल्यावर त्याला वऱ्हाडची चित्रं पाहिजे होती.

भासऱ्यांनी हौसेने मोठा गठ्ठा पाठवला. तो जसाच्या तसा परत आला. प्रत्येक फोटोच्या मागे लाल पेन्सिलीने शेरा. "यांना डोळे आहेत का?" "खांब डोक्यातून उगवला आहे." "ही माणसं कोर्टात साक्षीला उभी आहेत काय?"

"मुंबईत बसून त्याले काय समजते?" भासरे जेवताना गरजले. "वऱ्हाडचं ऊन पाह्यलं काय त्यानं कधी?"

दुसरा गठ्ठा गेला, तोही परत आला. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "ऊन वाईट नाही. वेळ वाईट आहे. दिवस कलल्यावर गेलं तर ऊन बाजूने येईल, डोळे झाकणार नाहीत. आणि ती माणसं काहीतरी करत असताना काढा म्हणावं, उभी करून नको."

माझा नवरा डार्करूममध्ये काम करायचा. स्वभावाने गरीब, भावासमोर वर न बघणारा. त्याने माझं म्हणणं आपलं म्हणून सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण त्याने सरळ सांगून टाकलं, "ती म्हनते..."

भासरे माझ्या फळीपाशी आले. माझी पेन्सिलींची डबी उचलली आणि खिडकीतून अंगणात उपडी केली. सगळी टोकं मोडली.

"पेन्सिल घासनारीनं सूर्य शिकवायचा काय मले?" हे त्यांनी भावाला विचारलं. मी तिथेच बसलेली होते.

टोकं पुन्हा कानशीवर घासून काढताना माझ्या बोटांची आग झाली. त्यापुढे घरातली सगळ्यात खराब निगेटिव्ह हटकून माझ्याकडे यायची आणि ती नीट झाली नाही की सासूबाईंसमोर माझा उद्धार व्हायचा. मीही गप्प बसून काही चांगुलपणा दाखवत नव्हते. त्यांच्या ताटात भाकरी वाढताना तिची करपलेली बाजू वर ठेवायची, एवढं तरी मी करायचीच.

कापूस वेचणीचे दिवस आले. भासरे नागपूरला एका बड्या लग्नाचे फोटो काढायला गेले. त्या सकाळी माझ्या नवऱ्याने कपाटातून दोन भिंगांचा छोटा कॅमेरा काढला आणि पिशवीत कपड्यांखाली ठेवला. भासरे त्या कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देत नसत.

"चाल, चांदूरले जाऊ," तो म्हणाला.

"आणि भाऊजींना कळलं तर?"

"कळन तवा कळन."

त्याच्या तोंडून असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं. दुपारच्या एस.टी.ने आम्ही माझ्या माहेरी पोचलो.

तो कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत वाकून बघायचं. मान खाली घालून बघायची मला सवय होतीच. पण काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं. बाई डावीकडे निघाली की मी कॅमेरा भलतीकडे वळवायची आणि काचेत नुसतं आभाळ राहायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कलतं ऊन आहे म्हणजे झालं. सूर्य सरळ समोर घेऊन मी फोटो काढले. दिवेलागणीला नवऱ्याने माहेरच्या कोठीत दारं-फटी घोंगड्यांनी झाकून फिल्म धुतली. एकही फोटो धड नव्हता. बैलांच्या जागी काळे गोळे, भिंगात सूर्य घुसून सगळ्यावर धुकं, आणि कापूस वेचणाऱ्या बाईच्या डोक्यातून बाभूळ उगवलेली.

"भाऊचाच हात दिसते," नवरा म्हणाला. तो विनोदाने म्हणाला असेल. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. फिल्म तेव्हा सहज मिळत नसे. बाहेरून येणारा माल कमी झाला होता आणि एक रोल वाया घालवला म्हणजे काय केलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी कॅमेरा न घेता शेतात फिरले. काळी माती उजेड गिळते आणि फुटलेला कापूस तो डोळ्यांत फेकतो. दोन्ही एका फोटोत नीट यायचे तर सूर्य बाजूला पाहिजे, म्हणजे प्रत्येक गोष्टीची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत राहून तिचा आकार दाखवते. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून नवऱ्याला टोपी आडवी धरायला सांगितली. सावलीच्या बाजूला एक धुतलेलं पांढरं धोतर ताणून धरलं की चेहऱ्यावर थोडा उजेड परतायचा. ते धरायला माझा भाऊ होता आणि तो भयंकर वैतागला होता. शेत त्याचं, मजूर त्याचे.

"दाजी, हिले समजावा," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "लोकायचा कामाचा वेळ चालला. मी काय धोतर वाळवाले उभा हावो?"

"थोडं वर धर," मी म्हटलं.

वेचणाऱ्या बायांमध्ये एक उंच, हाडापेराची बाई होती. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून बांधावरच्या बंडीकडे, म्हणजे बैलगाडीकडे, जायची. तिचं चालणं मला आवडलं. एकदा ती गेली तेव्हा सूर्य ढगाआड होता. मी तिला म्हटलं, बाई, पुन्हा एकदा या. ती आली. त्या वेळी मी खाली बसले होते, पण काचेत तिची पावलंच कापली गेली. मी म्हटलं, आणखी एकदा, तेच गाठोडं घेऊन. तिने गाठोडं पुन्हा डोक्यावर चढवलं, माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

"काहून वो बाई?" ती कडाडली. "पायाले माह्या काटे रुतून राह्यले अन् तुमी मले येरझारा घालाले लावून राह्यल्या? तुमाले फोटू पायजे तं तुमीच घ्या हे गाठोडं डोक्शावर. मी नाई आता तोंड दाखवत!"

आणि ती वळली. पाठ करून तरातरा बंडीकडे निघाली. एक हात गाठोड्याला, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. ऊन डावीकडून सपाट येत होतं. गाठोड्याची एक कड पेटल्यासारखी उजळली, तिची सावली लांब होऊन तासांवर आडवी पडली, आणि तास सगळे दूरच्या बंडीकडे निमुळते होत गेलेले. तिच्यापुढे मोकळं शेत भरपूर होतं. मला ते तेव्हा काही सुंदर वगैरे वाटलं नाही. चेहरा हातचा गेला म्हणून मी चडफडत होते आणि चडफडतच खटका दाबला.

अमरावतीला परतलो तर भासरे आमच्या आधी येऊन बसलेले. कपाट उघडं होतं. त्यांनी नवऱ्याच्या हातून कॅमेरा घेतला, सगळ्या बाजूंनी बघितला आणि कुलपात टाकला. मग ओसरीवर उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बायकोले वावरात कॅमेरा घेऊन नाचवतो! उद्या तिले दुकानात बसवशीन!" सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. तो माझ्यासाठी नव्हता.

नवरा डार्करूममध्ये गेला. तिथे त्याने माझ्या मोजक्या फोटोंच्या छपाया केल्या आणि एजंटसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात मध्ये मध्ये घातल्या. मला त्याने हे सांगितलंही नाही.

एजंट स्वतः आला तेव्हा मला ते कळलं. तो स्टुडिओत सतरंजीवर मांडी घालून फोटो पुढ्यात टाकत होता, पत्ते टाकल्यासारखे. मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दाराशी उभी होते. टाकता टाकता त्याचा हात थांबला.

"हा कुणी काढला?"

मी फटीतून पाहिलं. पाठमोरी बाई, गाठोडं, आवळलेली मूठ.

"आमच्याच स्टुडिओचा हाये," भासरे म्हणाले.

"ते दिसतंय. काढला कुणी?"

भासरे क्षणभरही अडखळले नाहीत. "म्या."

माझा नवरा सतरंजीकडे बघत होता. मी वाट पाहिली. तो काहीतरी बोलेल असं मला खरंच वाटलं होतं. मग मी पुढे गेले, ट्रे एजंटसमोर ठेवला आणि भासऱ्यांच्या देखत म्हटलं, "तो मी काढला. चांदूरला, माझ्या भावाच्या शेतात."

भासऱ्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. तरीसुद्धा ते माझ्याकडे बघेनात. भावाला म्हणाले, "तुह्या बायकोले आत जायाले सांग."

"मला सांगा," मी म्हटलं. "मी इथंच आहे."

एजंटने बशीत चहा ओतला. तो काही माझी बाजू घेणारा माणूस नव्हता. "कुणी का काढेना," तो म्हणाला. "बाईने काढला हे मी गिऱ्हाइकाला सांगायचा नाही, फुकट शंका काढतात. पण असेच मला अजून पाहिजेत. हिचा चेहरा दिसत नाही, हे फार बरं झालं. चेहरा असला की ती एक बाई होते. चेहरा नसला की मी ती कुणालाही विकू शकतो."

मला त्याचा राग आला आणि तो खरं बोलतोय हेही कळलं. त्याने माझे सगळे फोटो उचलले. भासऱ्यांचा एकही घेतला नाही.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. "भासऱ्याच्या तोंडाले तोंड देनारी सून या घरात नको." त्या मला थेट बोलल्या, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. आम्ही अकोल्याला निघालो. नवऱ्याच्या वाट्याला फोटो मोठा करून छापायचा एक जुना एन्लार्जर आला, कॅमेरा कुठलाच नाही. धोतर धरताना कुरकुरणाऱ्या माझ्या भावाने कुठूनसा एक वापरलेला कॅमेरा मिळवून दिला, आणि देताना म्हणाला, "आता माह्या वावरात येजो नको." त्याचं म्हणणं बरोबर होतं, तरी मी पुष्कळदा गेले.

अकोल्यात मोर्णेच्या काठाशी दोन खोल्या घेतल्या. स्वागत कुठेच झालं नाही. धामणगावला कापसाच्या बाजारात आम्ही कॅमेरा काढला की अडते दुकानाच्या फळ्या ओढून घेत. त्यांना आम्ही टॅक्सवाले वाटायचो. "कोन्या खात्याचे तुमी?" एकाने नवऱ्याची कॉलरच धरली होती. धारणीच्या रस्त्यावर बस बंद पडली तेव्हा उतरून मी सागाच्या पानांतून येणारा उजेड काढत होते, तर कंडक्टर ओरडला, "बाई, धक्का माराले या, फोटू मंग काढा!" मी धक्का मारायला गेले नाही. ड्रायव्हरपासून उतारूंपर्यंत सगळे मला बोलले. तो फोटो एजंटने ताबडतोब घेतला.

पाठमोऱ्या बाईचा फोटो बियाणांच्या कॅलेंडरवर आला, नंतर तेलाच्या, नंतर आणखी कशाच्या. भावाने एक कॅलेंडर त्या बाईला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "पाठच दिसून राह्यली. बरं झालं. तोंड काढलं असतं तं शिव्या दिसल्या असत्या." याहून जास्त कौतुक तिने केलं नाही.

काही वर्षांनी अकोल्याला नात्यातलं लग्न निघालं. भासरे आले होते. यजमानांच्या बैठकीत माझ्या एका फोटोचं कॅलेंडर टांगलेलं होतं. पेरणीआधीचं मोकळं रान, मागे सातपुड्याची रेघ, वर ढग. ढग उठून दिसावेत म्हणून मी भिंगावर पिवळी काच लावली होती आणि त्या फोटोचा मला फार अभिमान होता. भासरे त्याच्यासमोर उभे राहिले. भोवती दहा-बारा पाहुणे, माझा नवरा मात्र बाहेर मांडवात. त्यांनी मान थोडी कलती केली.

"अकोल्याची जमीन उतरती हाये काय?" ते मोठ्याने म्हणाले. "सगयं पानी मुंबईले वाहून चाललं ना बावा."

लोक हसले. मी आतल्या दारातून पाहिलं. क्षितिज वाकडं होतं. फार नाही, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. इतके महिने ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. एजंटला नाही, छापणाऱ्याला नाही, नवऱ्यालाही नाही. या एका माणसाला दिसलं आणि त्याने ते बरोबर जागी, बरोबर वेळी सांगितलं. तो खोटं बोलला असता तर मला एवढा राग आला नसता.

पंगतीत मी जिलबी वाढत होते. त्यांच्या पानाशी आले आणि न थांबता पुढे गेले. त्यांनीही मागितली नाही. शेजारी बसलेल्यांनी ते पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही त्याची पर्वा नव्हती.

त्यानंतर आमची गाठ पडली नाही. अमरावतीचा स्टुडिओ ते अखेरपर्यंत चालवत राहिले. उघड्यावरचे फोटो काढणं त्यांनी सोडलं होतं असं ऐकलं. ते गेल्याची तार आली तेव्हा नवरा एकटाच गेला. मी जाते म्हटलं नाही, त्याने चल म्हटलं नाही.

लग्नाहून परतलो त्या दिवशी मात्र मी ती निगेटिव्ह शोधून काढली आणि नवऱ्याला म्हटलं, ही पुन्हा छाप, कागद थोडा फिरवून, क्षितिज सरळ झालं पाहिजे. त्याने उजेडात धरून बघितलं.

"हो की. कोनाच्या ध्यानात आलं?"

"माझ्या," मी म्हटलं.